कोकणात इतकी दमट हवा, तरी कॅलेथियाची पानं कडेनं का करपतात?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठी राहतो. मागच्या दिवाळीत बहीण पुण्याहून कॅलेथियाची दोन रोपं घेऊन आली. एक मकोयाना. फिकट हिरव्या पानावर गडद हिरवे लांबट ठसे, जणू पानावर दुसरी बारीक पानं कुणी रंगवून ठेवलीत, आणि पानाची पाठ वांगी रंगाची. दुसरं ऑर्बिफोलिया, ताटलीएवढं गोल पान आणि त्यावर चंदेरी पट्टे. दोन्हींनी मला इतका लळा लावलाय की सकाळचा चहा पडवीत त्यांच्या शेजारीच होतो.

डिसेंबरपर्यंत सगळं छान होतं. मग कडा तपकिरी व्हायला लागल्या. आधी टोक, मग कड, मग सगळी किनार कागदासारखी कुरकुरीत. आता वैशाखात मकोयानाची अकरा पानं उरलीत, त्यातलं एकही धड नाही. नवं पान सुरळीतून उलगडतं तेच कड भाजलेली घेऊन. जिथे वाचावं तिथे लिहिलंय की या झाडाला दमट हवा हवी. अहो, आमच्याकडे पापडाचा डबा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत पापड सादळतात. अजून किती दमट करू?

कुंड्या पडवीत आहेत, खाडीकडे तोंड करून. थेट ऊन येत नाही. पाणी एक दिवसाआड. कुठे चुकतंय ते सांगा.

पुणेरी_गच्ची
माझ्याकडे अशाच कडा व्हायच्या. ह्युमिडिफायर आणला आणि थांबल्या. तो नको असेल तर पसरट ताटलीत खडे घालून पाणी भरा आणि त्यावर कुंडी ठेवा. दिवसातून दोनदा फवारणी. दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली गेला की हे झाड कुरकुरतं.

जांभाचिरा
गच्चीकर, पुण्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथे तुमचा उपाय बरोबर आहे. पण खाडीकाठी मे महिन्यात दमटपणा कमी पडेल हे काही पटत नाही. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असताना झाडाला कोरडं वाटतंय, असं कसं होईल?

खाडीकाठताई, तीन प्रश्न. पाणी कुठलं घालता? कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट थर दिसतो का? आणि दुपारी खारं वारं थेट पडवीत येतं का?

मालवणी_सोलकढी
आमच्या खळ्यात मरांटा आसा, दोन वर्सा झाली. माजो घो पाणी घालूक इसारता, तरी मस्त चल्लाहा. जास्त लाड करू नकात :)

आजीचा_परसू
कॅलेथिया म्हणजे नक्की कोणतं? आमच्या इथे रोपवाटिकावाला मोरपंखी म्हणून काहीतरी दाखवत होता, तेच का?

पर्णवेडी
आजीचा_परसू, इंग्रजीत मकोयानाला मोराचं झाड म्हणतात, म्हणून काही जण मोरपंखी म्हणून विकत असतील. पण आपल्याकडे मोरपंखी म्हणजे थुजा. अंगणात लावतात ना, चपट्या पंख्यांसारख्या फांद्यांचं, तेच. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. विकत घेताना नाव नको, पान बघा.

आणि नावाचाच विषय निघालाय म्हणून सांगते. २०१२ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी घरात ठेवतात त्यातल्या बहुतेक कॅलेथिया गोपर्टिया या प्रजातीत हलवल्या. मकोयाना आणि ऑर्बिफोलिया दोन्ही आता गोपर्टिया आहेत. बाजारात मात्र जुनंच नाव चालतं, आणि चालू दे. कॅलेथिया हा शब्द टोपलीच्या ग्रीक नावावरून आलाय, तो मला फार गोड वाटतो.

मरांटा, कॅलेथिया, गोपर्टिया ही सगळी एका कुळातली. आणि हे कुळ ज्या मोठ्या गणात येतं, त्याच गणात आपली हळद, आलं, केळ, कर्दळ आणि सोनटक्का आहेत. म्हणून तर नवं पान केळीच्या पोंग्यासारखं सुरळी होऊन येतं.

रहाट
> आमच्या खळ्यात मरांटा आसा

मरांटावरून आठवलं. उपासाची तवकीर मरांटाच्याच एका जातीच्या कंदापासून करतात ना?

आजीचा_परसू
नाही हो. आमची आई रानहळदीच्या गड्ड्यांची करायची. किसायचे, पाण्यात कालवायचे, वस्त्रगाळ करून निवळायला ठेवायचं, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. असं चार-पाच वेळा. शेवटी तळाला पांढरीशुभ्र साय बसते ती वाळवायची. पहिल्या पाण्याला कडू वास येतो, तो जाईपर्यंत धुवावं लागतं.

पर्णवेडी
दोघेही बरोबर. रानहळदीचीही होते आणि मरांटा अरुंडिनेशियाची, म्हणजे आरारूटचीही होते. बाजारात दोन्ही एकाच नावाने मिळतात.

रहाट
तवकिरीच्या वड्यांची पाककृती कुणीतरी वेगळा धागा काढून द्या, इथे कॅलेथिया वाळतंय.

खाडीकाठ
जांभाचिरादादा, उत्तरं देते.

पाणी: आमची विहीर चैत्रानंतर मचूळ होते, म्हणून प्यायला घरात आरओ बसवलाय. त्यातून एका नळीने जे पाणी वाया जातं ते मी बादलीत धरते आणि झाडांना घालते. पाणी फुकट घालवायला जीव होत नाही.

पांढरा थर: हो! कुंडीच्या काठावर बोटभर रुंद आहे. मी चुना समजत होते.

वारं: अकरा वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत, सरळ अंगावर.

जांभाचिरा
सापडलं! ताई, ते पाणी आजपासून बंद करा.

आरओ काय करतो? विहिरीच्या पाण्यातले क्षार बाजूला काढतो आणि तुम्हाला गोडं पाणी देतो. काढलेले क्षार जातात कुठे? त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात. म्हणजे आधीच मचूळ असलेल्या पाण्याचा अर्क तुम्ही झाडाला पाजताय. मुळं पाणी ओढतात, पानातून पाणी उडून जातं आणि क्षार पानाच्या कडेला साठतात, कारण पाण्याचा प्रवास तिथे संपतो. म्हणून आधी टोक, मग कड. नवं पान भाजलेलंच निघतं ते यामुळेच. जमिनीत असलेल्या झाडाचे क्षार पावसात वाहून जातात. कुंडीत, तेही पडवीत, कुठे जाणार?

मी पंपसेट आणि पाण्याच्या टाक्यांचं काम करतो, टीडीएसचं, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं मीटर खिशातच असतं. आमच्याकडे एका घरी मे महिन्यात मोजलं होतं. विहीर ६४०, आरओतून वाया जाणारं ११००च्या वर. तेच जुलैत पागोळीखाली धरलेलं पाणी १८.

पुणेरी_गच्ची
हे मला खरंच माहीत नव्हतं. मीसुद्धा तेच पाणी घालतो! माझ्या मनी प्लांटला काही होत नाही, म्हणून कधी शंका आली नाही.

जांभाचिरा
मनी प्लांट सोसतो, नारळ तर बराच सोसतो. तुळस, कॅलेथिया, फर्न नाही सोसत. ते पाणी लादी पुसायला, भांडी विसळायला वापरा, वाया जाणार नाही.

दिवेलागण
मी पाणी रात्रभर उघडं ठेवते आणि सकाळी घालते. त्याने चालणार नाही का?

जांभाचिरा
नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याने बराचसा उडून जातो, तेवढ्यापुरतं चांगलं. क्षार उडत नाहीत. उकळलंत तर उलट दाट होतात, कारण पाणी उडतं आणि क्षार भांड्यात राहतात.

वाडीतला
श्रीवर्धनहून. पाण्याचं जांभाचिरा यांनी बरोबर सांगितलंय, मी वाऱ्याचं आणि उजेडाचं सांगतो.

आमची नारळ-सुपारीची वाडी. सुपारीच्या सावलीत आईने मरांटा, कॅलेथिया, रेक्स बिगोनिया, कॅलेडियम असं पुष्कळ जमवलं होतं. कुंड्या नव्हत्या, सरळ जमिनीत. ही झाडं मुळात घनदाट जंगलाच्या तळाशी वाढणारी. मकोयाना पूर्व ब्राझीलची. डोक्यावर उंच झाडांचं छप्पर, खाली पाचोळा, हलता ठिपक्याठिपक्यांचा उजेड. सुपारीची वाडी त्यांना घरच वाटली असणार. कुणी खत घालत नव्हतं, कुणी फवारत नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी दोन-तीन तासांत वाडीतल्या अर्ध्याहून जास्त सुपाऱ्या मोडल्या. नारळ मुळासकट आडवे. दुसऱ्या दिवशी आई मागीलदारी गेली तर नेहमी अंधारी असणारी जागा लख्ख उजेडात. तिला आधी कळेचना की आपण आपल्याच वाडीत उभ्या आहोत. झाडांकडे बघायला पहिले आठ दिवस कुणाला सवडच नव्हती, घराची कौलं उडाली होती, वीज कित्येक दिवस नव्हती. नंतर बघितलं तेव्हा कॅलेथियाची पानं उन्हाने पांढरी पडली होती. नक्षी पुसल्यासारखी. करपलेलं पान आणि उन्हाने विटलेलं पान यातला फरक मला तेव्हा कळला. क्षाराने कड जळते. उन्हाने पानाचा मधला भाग विटतो.

आईने पडलेल्या झावळांचा मांडव घातला आणि कंद वाचवले. पावसाने साथ दिली. सप्टेंबरात पुन्हा नक्षीची पानं आली. नव्या सुपाऱ्या लावल्यात, पण सावली धरायला वर्षं जातात, तो झावळांचा मांडव आम्ही दर उन्हाळ्यात अजून घालतो.

ताईंना एवढंच, कुंड्या खाडीच्या तोंडावरून उचला. खाऱ्या वाऱ्यात बारीक मीठ असतं, ते पानावर बसतं. आतल्या ओटीवर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा.

पर्णवेडी
वाडीतला, आईंना माझा नमस्कार सांगा. झावळांचा मांडव वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सडा_आणि_कातळ
थोडं वेगळं मत मांडतो. एवढा आटापिटा करून ब्राझीलची झाडं घरात ठेवायचीच कशाला? आपल्या कातळावर पावसाळ्यात काय कमी सुंदर उगवतं? तेरडा, सीतेची आसवं, गेंद. हळदीचं पान काय कमी देखणं आहे? आपल्या मातीतलं लावा, क्षारही सोसेल आणि वाराही.

खाडीकाठ
सडा, तुमचं प्रेम कळतं आणि आमच्या मागीलदारी हळद, आलं, सोनटक्का सगळं आहे. पण ही बहिणीने मांडीवर धरून आणलेली रोपं आहेत. तिला मी काय सांगू, तू परकी झाडं आणलीस?

रहाट
सडा, काजूही ब्राझीलचाच. पोर्तुगीजांनी आणला. अननस, पपई, मिरची सगळं अमेरिका खंडांतलंच. कोकणातून काजू काढून टाकायचा म्हटलं तर तुमच्याआधी मी उपोषणाला बसेन!

सडा_आणि_कातळ
काजूबद्दल हार मान्य :) माझं म्हणणं एवढंच की सड्यावरच्या फुलांकडेही तेवढ्याच प्रेमाने बघा. तिथे चिरेखाणी वाढतायत म्हणून पोटतिडकीने लिहिलं.

दिवेलागण
मला या झाडाचं सगळ्यात आवडतं ते संध्याकाळी. माझा आयडीच बघा ना. आमचा मरांटा तुळशीवृंदावनासमोरच्या खिडकीत आहे. दिवसा पानं आडवी, हात पसरल्यासारखी. दिवा लावायच्या सुमाराला उठायला लागतात आणि अंधार पडेतो सगळी उभी, जोडलेल्या हातांसारखी. सासूबाई म्हणतात, आपल्याआधी हेच शुभंकरोति म्हणतं. कधी घर अगदी शांत असलं तर पान पानाला घासल्याचा आवाजही येतो, खसखस असा, जेमतेम.

एकदा भिंग घेऊन बघितलं. देठ संपतो आणि पान सुरू होतं तिथे पेराएवढा एक फुगीर तुकडा आहे. देठापेक्षा गुळगुळीत, रंगाने थोडा वेगळा, बोटाने दाबला तर ताठ लागतो. तिथूनच पान वाकतं. गुडघाच जणू. तो का वाकतो ते कुणी सांगेल का?

पर्णवेडी
त्या गुडघ्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं, दुसऱ्या बाजूच्या पेशींतून निघतं. एक बाजू फुगली की पान उठतं, दुसरी फुगली की बसतं. लाजाळूचंही तंत्र हेच, फक्त तिचं क्षणात होतं. पावसाळ्यात बांधावरचा टाकळा संध्याकाळी बघा, पानं मिटून झोपलेला दिसेल. चिंचेचंही तेच.

आणि हे नुसतं अंधार पडला म्हणून होत नाही. १७२९ साली मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं. तरीही सकाळी पानं उघडायची, रात्री मिटायची. म्हणजे झाडाचं स्वतःचं घड्याळ असतं. मला हे वाचल्यापासून कॅलेथियाकडे बघताना कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

छोट्याची_आई
एक काळजीचा प्रश्न. मुलगा दीड वर्षाचा आहे, हाताला लागेल ते तोंडात. घरात मांजरही आहे. हे विषारी तर नाही ना?

पर्णवेडी
कॅलेथिया आणि मरांटा मांजर-कुत्र्यांना विषारी मानत नाहीत. तरी पान चावायला देऊ नकाच. खरी काळजी डिफेनबेकिया आणि कॅलेडियमची. दोन्ही अळवाच्या कुळातली, पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. खाजरं अळू चुकून खाल्लं की घसा कसा धरतो ते कोकणात सांगायला नको. डिफेनबेकियाने जीभ सुजते. नक्षीची पानं सारखी दिसतात म्हणून एकमेकांत मिसळू नका. ती दोन असतील तर उंचावर, किंवा घरात नकोच.

छोट्याची_आई
डिफेनबेकिया आहे. आत्ता उचलून गच्चीवर ठेवला. मनापासून आभार.

वाडीतला
कोकोपीटबद्दल एक राहिलं. नारळाची सोडणं कधी कधी खाडीत कुजत घालतात, त्यामुळे त्या भुशात मीठ असू शकतं. विकतची वीट असली तरी पाण्यात भिजवून, पिळून, दोन-तीन वेळा धुवूनच वापरा. आम्ही दोन वाटे धुतलेलं कोकोपीट, एक वाटा कुजलेला पाचोळा, एक वाटा जांभ्याचा बारीक चुरा असं घेतो. नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी बसते.

आजीचा_परसू
आणि लाल कोळी आला तर? आमच्या रोपाच्या पानामागे बारीक जाळी दिसते.

वाडीतला
ओल्या फडक्याने पानाची पाठ पुसा, आठवड्यातून दोनदा. पुरलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली करंजाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. आधी एका पानावर करून बघा. कडुनिंब आमच्याकडे क्वचित, करंज गावोगाव.

खाडीकाठ
सगळ्यांचं वाचून कामाला लागले. आज कुंड्या ओटीवर आणल्या. जांभाचिरादादा, आता क्षार साठलेल्या मातीचं काय करू? आणि गोडं पाणी आणू कुठून? आरओचं प्यायचं पाणी झाडांना घातलं तर सासरे रागावतील.

जांभाचिरा
पाऊस येईपर्यंत त्यांना सांगून रोज दोन तांबे घ्या. घरात एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणीही चालेल, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

मृग लागला की पागोळीखाली पिंप ठेवा. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या, कौलांवर वर्षभराची धूळ आणि मीठ बसलेलं असतं. मग धरा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. तुमच्या पडवीचं छप्पर १० चौरस मीटर धरलं तरी ३० हजार लिटर होतं. त्यातलं २०० लिटरचं एक पिंप दोन कुंड्यांना उन्हाळाभर पुरून उरेल. तोंडाला कापड घट्ट बांधा, डास होऊ देऊ नका.

मातीसाठी: पिंप भरलं की एका दिवशी कुंडी मोरीत ठेवा आणि कुंडीत मावेल त्याच्या चौपट पाणी सावकाश वरून ओता, खालून जाऊ द्या. ताटलीत साठलेलं पाणी फेका. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, नव्याकडे लक्ष ठेवा.

मालवणी_सोलकढी
माज्या मरांटाचा गुपित आता कळला. आमची बाव गोड्या पाण्याची. घोवाचा काय कर्तृत्व नाय :)

खाडीकाठ
चार महिन्यांनी धागा वर काढतेय, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेमध्ये कुंड्या आत आणल्या. ८ जूनला पिंप लावलं. आषाढात मोरीत बसून दोन्ही कुंड्या धुतल्या. ताटलीतलं पाणी चहासारखं निघत होतं, तिसऱ्या वेळी निवळलं. जांभाचिरादादांच्या सांगण्यावरून मीटर मागवलंय. आमच्या पिंपातलं पाणी २२. मकोयानाची जुनी पानं एकेक करून गेली, जुलैत फक्त चार राहिली होती. तेव्हा वाटलं गेलं हे.

नागपंचमीच्या दिवशी पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढून आत येत होते, तर ओटीवर एक सुरळी दिसली. तीन दिवस उलगडत होती. मी रोज नखाएवढं अंतर मोजत होते. चौथ्या दिवशी पान पूर्ण सुटलं, आणि कड कुठेही भाजलेली नाही. टोकापर्यंत हिरवं. मी सासऱ्यांना हाक मारून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून पाठ-पोट दोन्ही बघितलं आणि म्हणाले, दोन तांब्यांचं सोनं केलंस.

आता मकोयानाला नऊ पानं आहेत. ऑर्बिफोलियाला दोन नवे फुटवे आलेत.

पर्णवेडी
वा! हळदीच्या पानांचं निघालंच आहे तर, मध्य अमेरिकेत कॅलेथिया ल्युटियाच्या मोठ्या पानांत तमाल्स बांधून उकडतात. तिकडच्या पातोळ्याच त्या. (तुमच्या मकोयानाच्या पानांत मात्र काही उकडू नका.)

दिवेलागण
ताई, एक फुटवा मिळेल का? देठ तोडून पाण्यात ठेवला तर मूळ धरेल?

खाडीकाठ
नुसतं पान देठासकट ठेवून मूळ नाही धरत, मी एक वाया घालवलं. गड्डा विभागून मुळासकटच द्यावा लागतो. एक फुटवा गणपतीला आलेल्या चुलत जावेने नेला, सोबत पिंपातलं पाणी दोन बाटल्या भरून दिलं. दुसरा जरा मुळं धरू दे, तो तुमचा. चिपळूणपर्यंत एसटीने पाठवता येईल का, कुणाला माहीत आहे?

रहाट
मी दर शनिवारी गुहागर-चिपळूण करतो. मांडीवर धरून नेईन.